पाणीपट्टी कशी ठरते? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही नागपूरच्या पाण्याच्या बिलाविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एखाद्या विशिष्ट बिलाच्या तक्रारीची होती. त्यांचे काम झोन कार्यालयातच होईल, आमच्या स्तंभात नव्हे. दर मुळात कसा ठरतो, असे विचारणारी पत्रे मात्र येथे घेतली आहेत आणि लांबलेली पत्रे थोडी आटोपती केली आहेत.

प्रश्न : पावसाळ्यात तोतलाडोह धरण भरून दरवाजे उघडावे लागतात, पाणी वाहून जाते, तरी आमच्या बिलात एका पैशाचा फरक पडत नाही. निसर्गाने फुकट दिलेल्या पाण्याचे पैसे महापालिका कशाच्या आधारावर घेते?
— एक सेवानिवृत्त शिक्षक, महाल

सर, आपल्या प्रश्नातले पहिले गृहीतक बरेचसे खरे आहे. धरणातल्या पाण्याची किंमत बिलात जवळजवळ नसतेच. तोतलाडोह ज्या पेंच नदीवर आहे, तिचे पाणी राज्याच्या जलसंपदा विभागाचे. ते महापालिकेला ज्या घाऊक दराने मिळते, तो दर 2005 च्या कायद्याने स्थापन झालेले महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवते. घरगुती वापरासाठी हा दर हजार लिटरमागे एका रुपयाच्याही आत असतो. म्हणजे पाणी म्हणून आपण जे पैसे देतो, ते बिलाच्या एका कोपऱ्यात मावतील एवढेच आहेत.

बाकीचे पैसे वाटेचे आहेत. नवेगाव खैरीच्या धरणातून पाणी गोरेवाड्याच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत आणायचे, तेथे तुरटी घालून गाळ बसवायचा, वाळूच्या गाळणीतून काढायचे, क्लोरीन द्यायचे, जलकुंभांवर चढवायचे आणि मग शहरभरच्या वाहिन्यांतून घरोघरी पोहोचवायचे. दुसरीकडे कन्हान नदीवरचे केंद्र हेच काम करते. यात विजेचा वाटा किती मोठा असतो हे एका साध्या हिशेबावरून कळते. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. हे वजन शंभर मीटर उंच उचलायला पंपाची आणि मोटारीची मिळून कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर सुमारे 0.4 युनिट वीज लागते. पंपाला पाणी प्रत्यक्ष उंचीवर तर चढवावे लागतेच, शिवाय मैलोगणती वाहिनीतले घर्षणही जिंकावे लागते. त्यात औषधे, पगार, गळती दुरुस्ती, जुन्या वाहिन्या बदलण्याचा खर्च आणि घेतलेल्या कर्जाचे हप्ते मिळवायचे.

आता महत्त्वाची गोष्ट अशी, की वीज आणि औषधे सोडली तर यातला बहुतेक खर्च पाणी कमी वापरले म्हणून कमी होत नाही. जलकुंभ अर्धा भरला तरी त्याचा पहारेकरी, त्याची रंगरंगोटी आणि त्याचे कर्ज पूर्णच असते. तोतलाडोह काठोकाठ भरला काय आणि तळाला गेला काय, हा खर्च हलत नाही. म्हणून बिलही हलत नाही. उलट 2019 च्या जुलैत पाऊस लांबल्याने नागपुरात एक दिवसाआड पाणीपुरवठा करावा लागला होता. त्या काळात पाणी कमी विकले गेले, खर्च मात्र जवळपास तेवढाच राहिला.

दर ठरवण्याचे सूत्र जगभर थोड्याफार फरकाने एकच आहे. वर्षभराचा एकूण खर्च काढायचा, त्यातून सरकारी अनुदान आणि इतर उत्पन्न वजा करायचे, आणि उरलेली रक्कम जेवढ्या पाण्याचे बिल होते तेवढ्या युनिटांवर वाटायची. एक युनिट म्हणजे हजार लिटर. येथे ‘बिल होते तेवढ्या’ हे शब्द नीट वाचावेत. समजा, शंभर युनिट पाणी शुद्ध करायला हजार रुपये लागले आणि त्यातले तीस युनिट फुटक्या वाहिन्यांतून, चोरट्या जोडण्यांतून आणि बंद मीटरांतून गेले, तर हजार रुपये सत्तर युनिटांवरच वसूल करावे लागतात. दहा रुपयांचे युनिट सव्वाचौदा रुपयांच्या पुढे जाते. केंद्र सरकारने 2008 मध्ये शहरांसाठी जे सेवा-मापदंड घालून दिले, त्यांत असे बिनमहसुली पाणी 20 टक्क्यांच्या आत आणावे असे म्हटले आहे. दरवाढीची चर्चा निघाली की नागरिकांनी सर्वांत आधी हा आकडा मागावा, असे आमचे मत आहे. दर किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

प्रश्न : आमचे नऊ जणांचे एकत्र कुटुंब आहे. कोणीही पाण्याची उधळपट्टी करत नाही, तरी आमचे बिल वरच्या टप्प्यात जाते. शेजारच्या चार जणांच्या घरी रोज अंगण धुतात, ते मात्र खालच्या टप्प्यात. हे टप्पे कोणत्या तर्काने पाडले आहेत?
— एक गृहिणी, हनुमाननगर

ताई, टप्पेवार दराचा हेतू चांगला आहे: पिण्यास, स्वयंपाकास, आंघोळीस लागणारे पाणी स्वस्त ठेवायचे आणि त्यापुढचा वापर जसजसा वाढेल तसतसा दर चढवायचा. नागपुरात पहिला टप्पा वीस युनिटांचा आहे. वीसच का, याचे उत्तर शासकीय मानकांत सापडते. मलवाहिनी असलेल्या शहरात माणशी दररोज 135 लिटर पाणी द्यावे, असे केंद्रीय मानक आहे. पाच जणांचे कुटुंब आणि तीस दिवस धरले तर 20,250 लिटर होतात, म्हणजे वीस युनिट. दिल्लीत 2015 पासून जे वीस हजार लिटर मोफत दिले गेले, तेही याच आकड्याच्या आसपासचे.

म्हणजे टप्प्याच्या पोटात एक ‘पाच जणांचे घर’ गृहीत धरलेले आहे. आपल्या घरात नऊ माणसे आहेत, हे मीटरला कळत नाही. गणितापुरते दर घेऊ, हे नागपूरचे प्रत्यक्ष दर नव्हेत: वीस युनिटांपर्यंत 10 रुपये, एकवीस ते तीसपर्यंत 16, एकतीस ते ऐंशीपर्यंत 20 आणि ऐंशीच्या पुढे 25. माणशी महिन्याला चार युनिट, म्हणजे रोज साधारण 133 लिटर, असा अगदी मानकाच्या आतला वापर धरला, तर पाच जणांच्या घराचे वीस युनिटांचे बिल 200 रुपये होते. माणशी 40 रुपये. आपल्या घराचे छत्तीस युनिट होतात आणि बिल 200 अधिक 160 अधिक 120, असे 480 रुपये येते. माणशी 53 रुपये. वापर तोच, काटकसर तीच, तरी प्रत्येकामागे तेरा रुपये जास्त, आणि तेही केवळ एका छपराखाली राहिल्याबद्दल.

यापेक्षा मोठी अडचण अपार्टमेंटमध्ये होते, आणि त्याबद्दल तीन-चार वाचकांनी लिहिलेही आहे. आठ फ्लॅटना मिळून एकच मीटर असेल आणि प्रत्येक फ्लॅट पंधरा युनिट वापरत असेल, तर एकूण 120 युनिट होतात. वरच्याच काल्पनिक दराने ते एका घराचे समजून आकारले, तर बिल 2,360 रुपये येईल. तेच आठ घरांत विभागून आकारले, तर प्रत्येकी 150 प्रमाणे 1,200 रुपये येईल. जवळजवळ दुप्पट फरक! म्हणून सामायिक मीटर असलेल्या सोसायटीने आपल्या बिलावर सदनिकांची संख्या किती नोंदवली आहे ते आधी पाहावे, आणि नोंद चुकीची असेल तर भोगवटा प्रमाणपत्र व मालमत्ता कराच्या पावत्या जोडून लेखी अर्ज करावा.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात या प्रश्नाला कायद्याने वेगळे वळण दिले आहे. तेथे 1996 मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रस्ताव 218’ नुसार पाण्याचा दर सेवेच्या खर्चापेक्षा जास्त ठेवता येत नाही. 2015 मध्ये सॅन ह्वान कॅपिस्ट्रानो या गावाचे टप्पे तेथील अपील न्यायालयाने याच कारणाने नाकारले. टप्पे पाडायला हरकत नाही, पण वरच्या टप्प्यातले पाणी पुरवायला खरोखर तेवढा जास्त खर्च येतो हे दाखवा, असे त्या निकालाचे सार आहे. आपल्याकडे टप्पे खर्चाच्या नव्हे, तर सामाजिक न्यायाच्या भाषेत मांडले जातात. ते आम्हाला मान्य आहे. पण न्यायच करायचा, तर शिधापत्रिकेवरची माणसे मोजून एकत्र कुटुंबाचा पहिला टप्पा मोठा करणे अवघड नसावे. शेजाऱ्यांच्या अंगण धुण्याला मात्र या सूत्रात उत्तर नाही. वीस युनिटांच्या आत राहून पाणी वाया घालवता येते.

प्रश्न : दर वर्षी एप्रिलमध्ये पाच टक्के वाढ का? पाणी जपून वापरा असे सांगायचे आणि जपून वापरणाऱ्याचाही दर वाढवायचा, हे कोणते धोरण?
— एक वाचक, मनीषनगर

ही वाढ नागपूर महापालिकेच्या 2009 च्या पाणीपुरवठा उपविधींत लिहिलेली आहे. दर वर्षी ती नव्याने शोधून काढलेली नसते. वर्षाला पाच टक्के चक्रवाढीने दर साधारण चौदा वर्षांत दुप्पट होतो. हे ऐकायला जड वाटते. पण त्याच काळात वीज, पगार आणि लोखंडी नळ कोणत्या दराने वाढले तेही शेजारी ठेवून पाहावे. दहा वर्षे दर गोठवून अकराव्या वर्षी एकदम चाळीस टक्के वाढवण्यापेक्षा ही ठरलेली वाढ आम्हाला बरी वाटते. मुंबईतही अशीच पद्धत आहे. तेथे 2012 च्या निर्णयानुसार वर्षाला आठ टक्क्यांपर्यंत वाढ करता येते. आमचा आक्षेप वाढीला नाही. ती आपोआप होत असल्यामुळे, वाढीच्या बदल्यात गळती किती कमी झाली हा जाब दर वर्षी द्यावा लागत नाही, याला आहे.

आपल्या दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे बहुतेक खर्च स्थिर आणि आकारणी मात्र युनिटवर, अशी रचना असली की सर्वांनी बचत केली तर उत्पन्न घटते आणि दर वाढवावा लागतो. यावर एक उपाय म्हणजे बिलाचा काही भाग दरमहा ठरावीक ठेवणे. मात्र तसे केल्यास पाच युनिट वापरणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला तेच पैसे जास्त जाचतात. महसुलाची खात्री हवी असेल तर गरिबाला त्रास, आणि गरिबाला सवलत हवी असेल तर महसूल डळमळीत. दर ठरवणारे लोक या दोन टोकांमध्ये कुठेतरी थांबतात, आणि कुठे थांबले हे बिल पाहून कळते.

एक उपयोगी माहिती द्यावीशी वाटते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार पुढच्या वर्षाच्या करांचे दर महासभेने 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. एप्रिलमध्ये बिल हातात आल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा जानेवारीत नगरसेवकाला लेखी निवेदन दिलेले अधिक कामाचे.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत ऑस्टिन शहरात राहतो. त्याच्या बिलात पाण्याचे पैसे वेगळे आणि सांडपाण्याचे वेगळे असतात. आपल्या पाण्याच्या बिलात गडरलाइनचा उल्लेखही नाही. मग नागपूरचे सांडपाणी फुकट साफ होते काय?
— एक वाचक, प्रतापनगर

फुकट होत नाही. आपण त्याचे पैसे दुसऱ्या खिशातून देता. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने मालमत्ता कराच्या अंतर्गत पाणीपट्टी, पाणीपुरवठा लाभ कर, मलनिःसारण कर आणि मलनिःसारण लाभ कर असे घटक सांगितले आहेत. घराच्या करयोग्य मूल्याच्या ठरावीक टक्क्यांनी ते आकारले जातात. मालमत्ता कराची पावती काढून तिच्यातल्या ओळी वाचल्यात, तर ‘मल’ या अक्षरांनी सुरू होणारी ओळ सापडेल. हीच आपली गडरलाइन.

ऑस्टिनची रीत वेगळी आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. घरातून किती सांडपाणी बाहेर गेले हे मोजायला मीटर नसतो. मळकट पाण्यात तो टिकणारही नाही. म्हणून घरात आलेल्या पाण्यावरून अंदाज करतात. पण उन्हाळ्यात लोक हिरवळीला पाणी घालतात आणि ते मलवाहिनीत जात नाही. यावर तोडगा असा, की नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतच्या, म्हणजे बागेला पाणी घातले जात नसताना होणाऱ्या वापराची सरासरी काढायची आणि वर्षभर सांडपाण्याचे बिल त्या सरासरीपुरतेच मर्यादित ठेवायचे. आपल्या चिरंजीवांना सांगा, त्या महिन्यांत गळका नळ दुरुस्त केला तर त्याचा फायदा वर्षभर होतो. आपल्याकडचे अभियंतेही असाच अंदाज करतात. मलवाहिन्यांची रचना करताना पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के सांडपाणी होते असे धरले जाते. पाण्यापेक्षा सांडपाण्याचे बिल अमेरिकेत पुष्कळदा मोठे असते, यात नवल नाही. 1972 च्या स्वच्छ जल कायद्याने अमेरिकेतील शहरांना सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत सोडण्यास मनाई केली, आणि मैला खाणारे जीवाणू जगवण्यासाठी रात्रंदिवस हवा फुंकणारी यंत्रे वीज खातात.

भारतातही सर्वत्र नागपूरसारखी पद्धत नाही. मुंबईत मीटरच्या पाण्याचे जे बिल होते, त्याच्या 70 टक्के मलनिःसारण आकार लावतात. दिल्लीत पाण्याच्या आकाराच्या 60 टक्के. याचा अर्थ तेथे जो जास्त पाणी वापरतो, तो जास्त सांडपाणी करतो आणि त्याचे जास्त पैसे देतो. करयोग्य मूल्यावर आकारणी केली की हा संबंध तुटतो. मुलगा परदेशी गेल्यामुळे वर्षभर बंद असलेला धरमपेठेतला बंगला मलनिःसारणाचे भरपूर पैसे देतो, आणि लहानशा घरात आठ भाडेकरू ठेवून रोज हजार लिटर सांडपाणी सोडणारा मालक थोडे देतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर श्रीमंत घराकडून जास्त आणि गरीब घराकडून कमी, असा न्यायही यात आहे. आम्हाला खटकते ती गोष्ट निराळी. कराच्या दहा ओळींत एक ओळ लपली की ती कोणी वाचत नाही, आणि जी ओळ वाचली जात नाही तिच्याबद्दल प्रश्नही विचारले जात नाहीत. नागपुरात पाण्याच्या दरावर जेवढी पत्रे येतात, त्याच्या दहावा हिस्साही नाग नदीत सोडल्या जाणाऱ्या मैलपाण्याबद्दल येत नाहीत. तो खर्च डोळ्यांसमोर नाही, हे त्याचे एक कारण असावे.

सांडपाण्यातून उत्पन्नही होऊ शकते, हे मात्र नागपूरने दाखवले आहे. भांडेवाडीच्या प्रक्रिया केंद्रातले शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले जाते आणि महापालिकेला त्याचा मोबदला मिळतो. वीज केंद्राची राख वाहून नेण्यासाठी आणि संच थंड ठेवण्यासाठी धरणातले पाणी वापरायची गरज तेवढी कमी होते. हे उत्पन्न मलनिःसारणाच्याच खात्यात दाखवले जावे, अशी मागणी नागरिकांनी करावी. एकूण जमाखर्चात ते विरघळून गेले, तर कराच्या दरावर त्याचा परिणाम कधीच दिसणार नाही.

प्रश्न : पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे आहे. दरही तीच ठरवते का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सदर

नाही. धरमपेठेतल्या पथदर्शी प्रयोगानंतर चोवीस तास पाण्याची योजना संपूर्ण शहरासाठी आखली गेली आणि 2012 पासून पंचवीस वर्षांच्या कराराने ती ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे आहे. पाणी शुद्ध करणे, वाटणे, मीटर वाचणे आणि बिल देणे हे कंपनीचे काम. त्याचा मोबदला तिला करारातील सूत्राप्रमाणे मिळतो. धरणातले पाणी घेण्याचा हक्क, वाहिन्यांची मालकी आणि दर ठरवण्याचा अधिकार महापालिकेचाच आहे. म्हणून दराविरुद्धचे निवेदन कंपनीच्या खिडकीवर देऊन उपयोग नाही, आणि मीटरच्या चुकीबद्दल नगरसेवकाला दोष देण्यातही अर्थ नाही. ज्याचे काम त्याच्याकडे गेलात, तर चकरा वाचतील.

प्रश्न : आम्ही पंधरा दिवस गावाला गेलो होतो, तरी मीटर पुढे गेलेला दिसला. मीटर हवेवर फिरतो असे म्हणतात, ते खरे आहे का?
— एक गृहस्थ, नंदनवन

हवेवर मीटर फिरू शकतो, हे खरे आहे. पुरवठा ठरावीक वेळेचा असेल तर वाहिनी रिकामी होते, आणि पाणी सुटताना पुढची हवा ढकलली जाऊन मीटरचे पाते काही क्षण फिरवते. वाहिनी सतत भरलेली असेल तेथे हा प्रश्न उरत नाही. पंधरा दिवसांत कित्येक युनिट चढले असतील, तर मात्र कारण हवा नसून बहुधा गळती आहे, आणि ती शोधायला प्लंबरही लागत नाही. टाकी पूर्ण भरल्यावर घरातले सर्व नळ बंद करावेत, टाकीचा बॉलकॉक हाताने वर धरून बांधावा आणि मीटरच्या तबकडीवरील छोटे चाक अर्धा तास पाहावे. ते फिरत राहिले, तर मीटर आणि टाकी यांच्यामध्ये वाहिनी गळते आहे. ते थांबले आणि बॉलकॉक सोडताच पुन्हा फिरू लागले, तर टाकी ओसंडते आहे किंवा संडासाच्या फ्लशमधून पाणी झिरपते आहे. फ्लशच्या टाकीत थोडी हळद टाकून ठेवावी. न दाबता भांड्यात पिवळे पाणी उतरले तर वॉशर बदलावा.

टुल्लू पंप थेट नळाला लावला असल्यास तो आधी काढावा. तो शेजाऱ्यांच्या वाट्याचे पाणी ओढतो, वाहिनीत पोकळी निर्माण करून बाहेरची घाण आत खेचतो, आणि सापडल्यास जप्त होतो. एवढे सगळे करूनही आकडा पटत नसेल, तर ठरलेले शुल्क भरून मीटर तपासून घ्यावा. अर्ज देण्यापूर्वी सलग सात दिवस एकाच वेळी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवावा. अर्जाला ते सात फोटो जोडले, की तपासणाऱ्यालाही नेमके काय पाहायचे ते कळते.